१९१५ला फोन केला म्हणजे केस झाली का? ग्राहक तक्रार दाखल करण्याची पूर्ण पद्धत

नवा फ्रिज चार महिन्यांत थंड करेनासा होतो. सर्व्हिसवाला तीनदा येऊन जातो, दूध तरीही नासतंच. मग कुणीतरी सांगतं, '१९१५ला तक्रार टाक.' फोन लागतो, तक्रार नोंदवली जाते, मोबाइलवर क्रमांक येतो आणि माणूस निर्धास्त होतो की चला, ग्राहक कोर्टात गेलो. असं वर्ष-दीड वर्ष जातं. मग चौकशी केल्यावर कळतं की केस कधी दाखलच झाली नव्हती.

हा गोंधळ सर्रास होतो. १ जानेवारी २०२५पासून 'ई-जागृती' हे नवं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं, त्याआधी 'ई-दाखिल' होतं, हेल्पलाइनचं संकेतस्थळ आणखी वेगळं. नावं ऐकून कुणाचंही डोकं चक्रावेल. म्हणून आधी हे वेगळं करून घेऊ.

हेल्पलाइन आणि आयोग यांत फरक काय?

१९१५ ही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाची राष्ट्रीय हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. बऱ्याच मोठ्या कंपन्या या पातळीवर प्रश्न सोडवतात, त्यामुळे तिथे तक्रार जरूर करा. पण हेल्पलाइन कंपनीला 'पैसे परत दे' असा हुकूम देऊ शकत नाही.

हुकूम देतो तो ग्राहक तक्रार निवारण आयोग. पूर्वी जिल्ह्याच्या पातळीवर त्याला 'मंच' म्हणत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२०मध्ये लागू झाला आणि १९८६चा जुना कायदा गेला, तेव्हापासून जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय असे तिन्ही पातळ्यांवर 'आयोग'च आहेत. ई-जागृती हे या आयोगांकडे घरबसल्या केस दाखल करण्याचं संकेतस्थळ.

तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत आयोगात केस दाखल करावी लागते. हेल्पलाइनवर तक्रार पडून आहे, कंपनीशी ईमेल चालू आहेत, म्हणून ही मुदत थांबत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज देता येतो, पण त्यात सबळ कारण दाखवावं लागतं. 'ते आज करतो, उद्या करतो म्हणत होते' एवढ्यावर विसंबून राहू नये.

मी 'ग्राहक' आहे का?

पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेतली असेल तर बहुतेक वेळा हो. उधारीवर, हप्त्यावर किंवा ऑनलाइन घेतली तरी चालते. फुकट मिळालेल्या सेवेबद्दल तक्रार चालत नाही. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तूही बाहेर राहते. मात्र खानावळ स्वतः राबून चालवणाऱ्या बाईंनी पोटापाण्यासाठी डीप फ्रीझर घेतला असेल, तर त्या ग्राहक ठरतात. दहा शाखांच्या हॉटेलसाठी घेतला, तर अवघड.

बिल पुण्यातल्या मुलाच्या नावावर आणि फ्रिज लातूरला आई-वडिलांच्या घरी, असंही पुष्कळदा असतं. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारासुद्धा कायद्याने ग्राहकच आहे, त्यामुळे लातूरच्या वडिलांना स्वतःच्या नावाने तक्रार करता येते.

डॉक्टर आणि खासगी रुग्णालयांच्या सेवा १९९५च्या निकालानंतर या कायद्यात आहेत. वकिलांच्या सेवा मात्र नाहीत. तसं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये स्पष्ट केलं.

तक्रार नेमकी कशाची?

तीन शब्द माहीत असले की पुरतं. वस्तूतच खोट असेल तर तो 'दोष'. सेवा नीट दिली नाही तर ती 'सेवेतील त्रुटी'. फसवून किंवा अडवून धंदा केला तर ती 'अनुचित व्यापारी प्रथा'. एकाच फ्रिजच्या प्रकरणात तिन्ही असू शकतात. गॅस गळतो हा दोष, टेक्निशियन वीस दिवस फिरकत नाही ही त्रुटी आणि दुकानदार बिल द्यायला नाकारतो ही अनुचित प्रथा.

तिसऱ्या प्रकारातली एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत नकार देणं, किंवा बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत नकार देणं, ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दुकानात कितीही मोठ्या अक्षरांत लावली, तरी सदोष मालाबाबत ती दुकानदाराला वाचवत नाही. रंग आवडला नाही म्हणून साडी परत करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हा कायदा तुमच्या मदतीला येत नाही.

केस जॉबशीटवर उभी राहते

आयोगापुढे तोंडी साक्षी-उलटतपासण्या क्वचितच होतात. निकाल शपथपत्रं आणि कागदांवर लागतो. जुन्या आजाराचा रुग्ण नव्या डॉक्टरकडे जातो तेव्हा डॉक्टर आधी फाईल मागतात, कधी काय झालं, कोणी काय दिलं ते तारखेनिशी बघतात. आयोगही तेच करतो. ही फाईल केस दाखल करण्याच्या आधी, बिघाड चालू असतानाच तयार होते. नंतर ती जमवता येत नाही.

आपण फ्रिजचंच उदाहरण धरू. १२ मार्च २०२५ला ४२,००० रुपयांना घेतला. पहिला बिघाड १८ जुलैला, मग २ सप्टेंबर, मग २० ऑक्टोबर. प्रत्येक वेळी टेक्निशियन आला, गॅस भरला, गेला.

इथे थोडं तंत्र समजून घ्यायला हवं. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नसतो. तो बंद नळ्यांमधून त्याच त्या प्रमाणात फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. म्हणजे 'गॅस भरला' असं लिहिलेल्या तीन जॉबशीट (टेक्निशियनने केलेल्या कामाची लेखी नोंद) हाती असतील, तर त्या कंपनीनेच लिहून दिलेला दोषाचा पुरावा ठरतात. पण जॉबशीट हाती असेल तरच. आजकाल कागद देतच नाहीत, मेसेज येतो आणि ओटीपी मागतात.

तो ओटीपी म्हणजे 'काम झालं, मी समाधानी आहे' अशी तुमची सही. फ्रिज लावून टेक्निशियन पाच मिनिटांत निघतो, पण फ्रिज पुरेसा थंड झाला की नाही हे कळायला कित्येक तास लागतात. ओटीपी मागितला तर सांगा, उद्या सकाळी देतो. दिलाच असेल आणि बिघाड परत आला, तर त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर एक ओळ टाका: 'तक्रार क्रमांक अमुक, आज बंद दाखवली आहे, बिघाड कायम आहे.'

जॉबशीटवर टेक्निशियन 'चेक्ड ओके' किंवा 'व्होल्टेज फ्लक्च्युएशन' असं लिहून जातो, त्याकडेही लक्ष ठेवा. दुसरा शेरा जास्त घातक, कारण तो वॉरंटी नाकारायला वापरला जातो. सही करण्याआधी खाली 'शेरा मान्य नाही' असं लिहून तारीख घाला आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फाईलमध्ये आणखी काय हवं? बिल, वॉरंटी कार्ड, मॉडेल आणि सिरियल क्रमांकाच्या स्टिकरचा फोटो. खोक्यावरच्या लेबलचाही फोटो काढा, कारण उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता त्यावर छापणं बंधनकारक असतं आणि नोटीस पाठवताना तोच पत्ता लागतो. बिघाडामुळे झालेल्या नुकसानीच्या पावत्या वेगळ्या ठेवा. घरात मधुमेही असेल आणि इन्सुलिन खराब झालं असेल, तर मेडिकलची बिलं जोडा. ती नुसत्या 'मानसिक त्रास' या शब्दापेक्षा जास्त वजनदार ठरतात.

वॉरंटी कार्ड वाचाच. 'कॉम्प्रेसरवर १० वर्षं' याचा अर्थ बहुधा कॉम्प्रेसर हा एकच भाग फुकट. पहिल्या वर्षानंतर गॅस, मजुरी, वाहतूक यांचे पैसे पडतात. तक्रारीत 'दहा वर्षांची वॉरंटी असूनही' असं ठोकून दिलं आणि कंपनीने कार्ड दाखवलं, तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास कमी होतो.

सदोष वस्तू भंगारात देऊ नका, बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका. तपासणीचा प्रश्न येतो तेव्हा वस्तूच नसेल तर हातात काही उरत नाही.

'पण माझ्याकडे बिलच नाही'

कार्ड किंवा यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट, दुकानाचा मेसेज, वॉरंटी नोंदणीचा ईमेल, दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यांतून खरेदी दाखवता येते. रोख पैसे आणि एकही कागद नाही, अशी केस लढवणं मात्र खरोखर कठीण. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटवर नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि मूळ चॅट फोनमधून पुसू नका. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडणं इष्ट.

'दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते दुकानदाराकडे'

दोघांनाही सामनेवाले करा. सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. क्रमांक १ दुकानदार, क्रमांक २ उत्पादक कंपनी, आणि दुरुस्तीत हयगय असेल तर क्रमांक ३ अधिकृत सर्व्हिस सेंटर. जबाबदारी कोणाची किती हे आयोग ठरवतो. एकाला वगळलं, तर उरलेला बिनदिक्कत त्याच्याकडे बोट दाखवतो.

ऑनलाइन खरेदीत विक्रेता आणि संकेतस्थळ दोघांनाही घ्या. 'आम्ही फक्त मध्यस्थ' हे उत्तर येणारच. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं असतं. त्यामुळे ग्राहक सेवेच्या चॅटवर तास घालवण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याला थेट ईमेल करा. पोच आली नाही, तर तेही तुमच्या तक्रारीत एक मुद्दा म्हणून येतं.

नोटीस: एक पान पुरे

केस दाखल करण्यापूर्वी नोटीस द्या. तिला वकिलाचं लेटरहेड लागत नाही. नोंदणी टपाल २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्टने पाठवा, सोबत ईमेलही करा. पोस्टाची पावती आणि संकेतस्थळावरचं 'पोचलं' असं दाखवणारं पान छापून ठेवा. मजकूर असा असावा:

'मी दि. १२ मार्च २०२५ रोजी बिल क्र. अमुक अन्वये आपल्याकडून अमुक मॉडेलचा फ्रिज रु. ४२,००० ला खरेदी केला. दि. १८ जुलै, २ सप्टेंबर व २० ऑक्टोबर रोजी तो बंद पडला. तिन्ही वेळा आपल्या टेक्निशियनने गॅस भरला (तक्रार क्रमांक सोबत). दोष वॉरंटी काळात उद्भवला असून दूर झालेला नाही. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत फ्रिज बदलून द्यावा किंवा संपूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा जिल्हा आयोगाकडे दाद मागेन व खर्च आपणांवर राहील.'

एवढंच. शिव्या, 'लुटारू कंपनी', समाजमाध्यमांवर बदनामीची धमकी यांतलं काही नको. हे पत्र पुढे आयोग वाचणार आहे.

कुठे दाखल करायची, फी किती?

वस्तूसाठी वा सेवेसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी असेल तर राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. इथे तुम्ही मागितलेली भरपाई मोजत नाहीत, प्रत्यक्ष दिलेली किंमत मोजतात. म्हणून ४२ हजारांच्या फ्रिजसाठी कोटी रुपये मागितले तरी केस जिल्ह्यातच राहते.

किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००. घरातली बहुतेक प्रकरणं पहिल्याच ओळीत बसतात.

कंपनी गुरुग्रामची असो की चेन्नईची, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. बिलावर 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायकक्षेत' असं छापलेलं असतं, त्याने घाबरू नका.

बँक, विमा, वीज आणि फ्लॅट यांच्या तक्रारींसाठी लोकपाल, वीज ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, महारेरा असे आणखी मार्ग आहेत. ते असले तरी आयोगात जाता येतं, पण एकच दाद दोन ठिकाणी मागू नका. फ्लॅटच्या बाबतीत नेमकं कुठे जायचं याचा निर्णय मात्र वकिलाला विचारून घ्यावा, तिथे रक्कम मोठी असते.

तक्रार अर्जात काय लिहायचं?

मराठीत लिहिला तरी जिल्हा आयोगात चालतो. परिच्छेदांना क्रमांक द्या, एका परिच्छेदात एकच घटना. क्रम साधारण असा ठेवा: तुमचं नाव-पत्ता, सामनेवाल्यांची नावं-पत्ते, खरेदी, बिघाडाचा घटनाक्रम, नोटीस आणि तिला मिळालेलं उत्तर. मग तक्रारीचं कारण कधी आणि कुठे घडलं, केस मुदतीत कशी आहे, या आयोगाला अधिकार कसा आहे, आणि शेवटी मागणी. प्रत्येक घटनेपुढे 'पान क्र. १४' असा कागदाचा संदर्भ द्या. सोबत कागदांची यादी आणि मजकूर खरा असल्याचं शपथपत्र.

आपल्या उदाहरणात पहिला बिघाड १८ जुलै २०२५चा. सर्वात सुरक्षित हिशोब तिथून धरायचा, म्हणजे जुलै २०२७च्या मध्यापूर्वी केस आत गेली पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या बिघाडापासून मुदत मोजता येईल की नाही हा वाद उकरायची वेळच येऊ देऊ नये.

मागणी लिहिताना लोक सर्वात जास्त चुकतात. न मागितलेलं बहुधा मिळत नाही आणि अव्वाच्या सव्वा मागितलं तर गांभीर्य जातं. फ्रिज बदलून द्यावा, ते शक्य नसेल तर ४२,००० रुपये खरेदीच्या तारखेपासून व्याजासह परत द्यावेत, अशी पर्यायी मागणी लिहा. व्याज साधारण ६ ते ९ टक्क्यांच्या घरात मंजूर होतं. पावत्यांसह झालेलं नुकसान, त्रासापोटी भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे तीन आकडे वेगवेगळे लिहा. पाच लाखांचा मानसिक त्रास फ्रिजच्या केसमध्ये कुणाला पटत नाही.

ई-जागृतीवर मोबाइल आणि ईमेलने खातं उघडून या सगळ्याच्या पीडीएफ चढवायच्या. कार्यालय छाननी करतं आणि सही राहिली, पानांना क्रमांक नाहीत, कागद वाचता येत नाही अशा त्रुटी काढून परत पाठवतं. त्या दुरुस्त करून पुन्हा पाठवायच्या. खात्यात अधूनमधून डोकवत राहा, कारण त्रुटी पडून राहिली तर केस तिथेच अडकते. छापील संचही मागितला जाऊ शकतो, म्हणून दोन-तीन प्रती तयार ठेवा.

वकील लागतोच का?

नाही. तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. फ्रिज, मोबाइल, कुरिअर, लग्नाच्या हॉलची अनामत, क्लासची फी अशी प्रकरणं स्वतः चालवण्यासारखी असतात. वैद्यकीय निष्काळजी, मोठे विमा दावे आणि बांधकाम यांत वकील घ्यावा. महाराष्ट्रात ग्राहक चळवळ जुनी आहे. ग्राहक पंचायतीचं काम १९७०च्या दशकात इथेच उभं राहिलं. तिथले कार्यकर्ते अनेक ठिकाणी मसुदा तपासून देतात.

दाखल झाल्यावर काय होतं?

तक्रार स्वीकारायची की नाही हे आयोगाने २१ दिवसांत ठरवायचं असतं. ठरवलं नाही तर ती स्वीकारली असंच धरतात. मग सामनेवाल्यांना नोटीस जाते. त्यांना लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२०मध्ये ही ४५ दिवसांची मर्यादा पक्की केली, त्यानंतर आलेला जबाब घेता येत नाही. तारखा लिहून ठेवा आणि जबाब उशिरा आला तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

नोटीस मिळाल्यावर बऱ्याच कंपन्या तडजोडीचा फोन करतात. तडजोड वाईट नाही. पण पैसे खात्यात जमा होईपर्यंत किंवा नवा फ्रिज घरात येईपर्यंत केस मागे घेण्याच्या पुरसीसवर (आयोगाला द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करू नका.

दोष नुसत्या डोळ्यांनी दिसणारा नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा असतो आणि अहवाल ४५ दिवसांत अपेक्षित असतो. असा अर्ज सुरुवातीलाच द्या. युक्तिवादाच्या वेळी दिला तर उशीर झालेला असतो.

किती वेळ लागतो? कायदा म्हणतो ३ महिने, तपासणी असेल तर ५. प्रत्यक्षात रिकाम्या जागा आणि साचलेल्या केसेस यांमुळे वर्ष किंवा त्याहून जास्त धरून चाला. तारखेला मात्र हजर राहा. तक्रारदार गैरहजर म्हणून केस निकाली निघाली, तर जिल्हा आयोग ती स्वतः पुन्हा उघडू शकत नाही, अपिलात राज्य आयोगाकडे जावं लागतं.

निकाल लागला, पैसे आले नाहीत तर?

आदेशाची एक प्रत पक्षकाराला विनाशुल्क मिळते. ती घ्या आणि पूर्ततेची मुदत बघा. कंपनीला राज्य आयोगाकडे अपील करायला ४५ दिवस असतात, आणि अपील करायचं तर आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी जमा करावे लागतात. कंपनी अपीलही करत नाही आणि पैसेही देत नाही, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीची दरखास्त (आदेश अमलात आणण्याचा अर्ज) टाकायची. कलम ७१खाली दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२खाली आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन्हींसाठी स्वतंत्र अर्ज करा.

कंपनीचं अपील फेटाळलं गेलं, तरी जमा केलेली रक्कम आपोआप तुमच्या खात्यात येत नाही. ती मिळावी म्हणून राज्य आयोगाकडे अर्ज करावा लागतो. त्यासोबत अपिलाच्या निकालाची प्रत आणि बँक खात्याचा तपशील द्या. आणि अपील चालू असतानाही फ्रिज घरातच ठेवा, कारण पैसे परत देण्याच्या आदेशात जुनी वस्तू कंपनीला परत करायची अट बहुधा असते.